बॉबिनचा पोटपट्टा

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कापड कधी वाकडं कापलं नाही. खोटं मात्र दोनदा बोलले, आणि दोन्ही वेळा इतक्या सफाईने, की शिवण कुठे आहे ते कुणाला दिसलं नाही. पहिलं खोटं बावीस वर्षं टिकलं. दुसरं तीन महिन्यांत उसवलं आणि जाताना पहिल्यालाही घेऊन गेलं.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दहा बाय बाराचं दुकान. पुरुषांची पॅंट शिवावी तर त्यांनीच, असं गिऱ्हाइकं म्हणत आणि मास्तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. पॅंटचं सगळं मर्म आसनात असतं, असं त्यांचं म्हणणं. कमरेपासून दोन पायांच्या सांध्यापर्यंतचं ते माप चुकलं की माणसाला धड बसता येत नाही आणि धड चालता येत नाही. हे माप घेताना मास्तर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नसत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. तीस वर्षं पुरुषांच्या त्या भागाशी इतक्या अदबीने वागलेल्या माणसाला एका कुत्र्याच्या बाबतीत ती अदब नडावी, यात नवल नाही. म्हणून त्यांना माफ करावं असंही नाही.

कुत्र्याचं नाव बॉबिन. पिल्लू असताना तो एका दुपारी दुकानात शिरला, मशीनखाली पडलेली बॉबिन तोंडात धरून पळाला आणि अख्ख्या गल्लीला काळा दोरा गुंडाळून आला. मास्तर दोरा गुंडाळत त्याच्या मागे गेले आणि येताना कुत्रं काखेत घेऊन आले. तो वाढला तो बघता बघता. वर्षाचा व्हायच्या आतच गुडघ्याच्या वर गेला, एक कान उभा आणि एक अर्धा दुमडलेला, आणि मागच्या दोन पायांवर उभा राहिला की पुढचे पंजे थेट मास्तरांच्या छातीवर.

घरात माणसं दोनच. दोन मुली होत्या, त्या आपापल्या संसारात. मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणे, आपणही वहिनीच म्हणू. वहिनी घरी बसून काज-बटणाचं काम करत. त्यांच्या हातचं काज असं, की बटण आपणहून आत जाऊन बसावं. मात्र कापडाचा गठ्ठा उचलायचा झाला की त्या मास्तरांना हाक मारत, कारण त्यांना जड उचलवत नसे. आणि ते का उचलवत नसे, इथेच ते पहिलं खोटं होतं.

धाकटी झाल्यावर दोघांनी ठरवलं होतं, आता पुरे. ऑपरेशन मास्तरांनी करून घ्यायचं हेही ठरलं होतं. वहिनी बाळंतपणात खंगल्या होत्या, आणि पुरुषाचं ऑपरेशन सोपं असतं, नुसती शीर बांधतात, दुसऱ्या दिवशी माणूस कामाला, असं नर्सने समजावून सांगितलं होतं. मास्तर सकाळी दवाखान्यात गेले आणि दुपारी परत आले. "डॉक्टर नको म्हणाले," त्यांनी सांगितलं. "बीपी वाढलंय." खरं म्हणजे डॉक्टरांनी त्यांचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. मास्तर नंबराची चिठ्ठी हातात धरून बाकावर तासभर बसले, आणि घाबरून चिठ्ठी खिशात कोंबून उठून आले. महिन्याभराने वहिनी ऑपरेशनला गेल्या. टाके पिकले. दोन महिने अंथरुणाला खिळल्या, आणि त्यानंतर पाण्याची भरलेली बादलीही त्यांना कधी उचलता आली नाही.

वहिनींची तक्रार नव्हती. तक्रार असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. उलट चार बायका जमल्या की त्या अभिमानाने सांगत, "आमचे हे स्वतः गेले होते हो. डॉक्टरांनीच परत पाठवलं. नाहीतर कुठला पुरुष जातो?" हे वाक्य सुरू झालं की मास्तर सुईत दोरा ओवायला घेत. ओवलेला असला तर काढून पुन्हा ओवत.

शेजारी राहायच्या पोस्टातल्या बाई. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी पोस्टातल्याच. एकट्या. त्यांचा सगळा जीव चिमणीत. चिमणी म्हणजे त्यांची कुत्री, पांढरी, केसाळ, भाजीच्या पिशवीत मावेल एवढी. तिच्या हृदयात जन्मापासून काही दोष होता. भूल दिली तर उठेलच याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे बाईंनी तिचं ऑपरेशन कधी केलं नव्हतं. "ते दिवस" आले की बाई तिला खोलीत कोंडून ठेवत आणि स्वतःही तिच्याबरोबर कोंडून घेत. दोन्ही घरांना मागे एकच अंगण होतं, मध्ये कमरेएवढी भिंत आणि भिंतीत एक लाकडी फाटक.

बॉबिनला दहावा महिना लागला आणि त्याला ती भिंत पुरेनाशी झाली. एकदा उडी मारून तो बाईंच्या दारापर्यंत पोचला, एकदा तीन दिवस गायब होऊन कान फाडून आला. शेवटी पोस्टातल्या बाई आल्या. पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "मास्तर, राग मानू नका, पण तुमच्या बॉबिनचं काहीतरी करा. माझ्या चिमणीला पिल्लं राहिली तर ती जगायची नाही."

"राग कसला त्यात," वहिनी म्हणाल्या. "करूनच टाकू."

बाई गेल्यावर मास्तर म्हणाले, "अगं, मुका जीव तो. त्याला विचारलंय का आपण?"

"मला तरी कोणी विचारलं होतं?" वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. त्या खरंच थट्टेने म्हणाल्या होत्या. मास्तरांना ते हसू दिवसभर टोचत राहिलं.

त्यांनी आठ दिवस टाळाटाळ केली. दुकानात काम फार आहे, बॉबिनचं पोट बिघडलंय, अजून लहान आहे. पण वहिनी एकदा ठरलं म्हणजे ठरलं. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी बॉबिनच्या गळ्यात साखळी घातली आणि मास्तरांच्या हातात दिली. मास्तर पुलापलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. कंपाउंडरने चिठ्ठी दिली. बाहेर लाकडी बाक होता. बाक दिसताच मास्तरांनी साखळी दोनदा हाताला गुंडाळली.

शेजारी एक रिक्षावाला त्याच्या कुत्र्याला घेऊन बसला होता. त्याचा नंबर आधी लागला. तासाभराने तो बाहेर आला तेव्हा कुत्रं त्याच्या खांद्यावर होतं, जीभ एका बाजूला लोंबत होती आणि डोळे अर्धे उघडे होते. "उतरेल भूल संध्याकाळपर्यंत," रिक्षावाला सहज म्हणाला. बॉबिनने मास्तरांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली आणि वर बघितलं. आतून नंबर पुकारला गेला. मास्तर उठले ते दाराकडे नाही, फाटकाकडे.

कुत्र्याच्या दयेपोटी उठलो, असं त्यांनी वाटेत स्वतःला समजावलं. पण पुलावर येईपर्यंत त्यांना नक्की कळलं होतं, की बॉबिनच्या जागी त्यांनी स्वतःला पाहिलं होतं, बावीस वर्षांनी तेच, तसंच. स्वतःची अशी किळस त्यांना कधी आली नव्हती. किळस आली, पण पाय मागे वळले नाहीत.

घरी काय सांगायचं हा प्रश्न होता. मास्तर आधी दुकानात गेले. शटर अर्धं खाली ओढलं, शर्टाच्या पांढऱ्या पॉपलीनचा उरलेला तुकडा काढला, बॉबिनला टेबलावर उभा केला आणि टेप लावली. छाती, पोट, मागच्या पायांमधलं अंतर. बॉबिनला वाटलं खेळच आहे, तो टेप चावायला बघत होता. सवयीने मास्तरांची नजर कॅलेंडरकडे गेली, तेव्हा ते स्वतःशीच ओशाळले. अर्ध्या तासात पोटपट्टा तयार झाला. शेपटीला जागा सोडलेली, पाठीवर बांधायला चार नाड्या, कडेला दुहेरी शिलाई. पट्टा बांधून झाल्यावर त्यांनी वर आयोडीनचे दोन थेंब टाकले. वास यायला हवा ना.

"झालं?" वहिनींनी दारातच विचारलं.

"झालं. हल्ली नवीन पद्धत आहे. काही काढत नाहीत, माणसासारखी नुसती शीर बांधतात. बाहेरून काही कळत नाही."

"बरं झालं बाई," वहिनी म्हणाल्या, आणि बॉबिनला जवळ घेऊन त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. बॉबिन आजारी दिसावा तर तो अंगणात चपला पळवत होता. मास्तर म्हणाले, धीट आहे.

दहा दिवस तो पट्टा बॉबिनच्या पोटावर होता. वहिनी रोज तो धुऊन वाळवत. सोडायची-बांधायची वेळ आली की मास्तर पुढे होत, "राहू दे, मी बघतो" म्हणून. पोस्टातल्या बाईंनी तर पट्ट्याचं इतकं कौतुक केलं, की चिमणीला तसं एक थंडीचं जाकीट शिवून मागितलं. मास्तरांनी शिवून दिलं. बाईंनी मधलं फाटक उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

महिन्याभराने दुपारी मास्तर जेवायला घरी आले, तर चिमणी अंगणात आणि बॉबिन तिच्याभोवती वेड्यासारखा घिरट्या घालतोय. पोस्टातल्या बाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. "हे दिवस आले की दोघी कोंडून घ्यायचो," त्या म्हणाल्या. "या खेपेला म्हटलं, खेळू दे उन्हात. पुढचं दार बंद आहे, आणि बॉबिनचा काय प्रश्न नाही."

मास्तरांनी बॉबिनला खेचत नेऊन खांबाला बांधलं. तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मास्तर म्हणाले, "फार दांडगाई करतो हल्ली."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बॉबिन बांधलेलाच होता, आणि रडत होता. "कशाला बांधताय बिचाऱ्याला?" बाई भिंतीपलीकडून म्हणाल्या. वहिनीही म्हणाल्या, "सोडा की हो, एवढं भोगलंय त्याने." दोन बायका आपल्याकडे बघताहेत आणि आपल्याला कारण सुचत नाहीये, एवढ्यासाठी मास्तरांनी साखळी सोडली आणि दुकानात निघून गेले. त्या दुपारी त्यांनी एका पॅंटचं आसन एक इंच कमी कापलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढे व्हायचं ते झालं. चिमणीचं पोट दिसायला लागलं तेव्हा पोस्टातल्या बाईंनी दोष कुणाला द्यावा? स्वतःला. सिलिंडरवाला आला होता, त्या दिवशी पुढचं दार आपल्याकडून उघडं राहिलं, गल्लीतला तो बुटका तपकिरी कुत्रा आत आला असणार, असा त्यांनी हिशोब जुळवला आणि मग रोज येऊन वहिनींपाशी रडल्या. "माझ्या हाताने मी तिला मारलं, वहिनी." मास्तर हे खाली मान घालून ऐकत. एका रविवारी त्यांनी जाऊन बाईंच्या पुढच्या दाराला नवी कडी बसवून दिली. बाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, तुमच्यासारखे शेजारी मिळायला भाग्य लागतं. तो चहा मास्तरांनी प्यायला. हेही सांगायलाच हवं.

चिमणीला तपासायला न्यायचं ठरलं तेव्हा बाईंनी दोघांनाही सोबत घेतलं. बाईंच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई पोस्टाच्या मागच्या रस्त्यावर होत्या. टोपली मास्तरांनी उचलली. डॉक्टरीणबाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं, पडद्याकडे बराच वेळ बघितलं.

"दोन पिल्लं आहेत. बाप कोण, काही अंदाज?"

"तो बुटका तपकिरी फिरतो ना, तोच," बाई म्हणाल्या.

"बुटका असेल तर बरंय. मग पिल्लंही लहान असतील. हिला भूल देण्यात धोका आहे, तेव्हा आपण आपोआप मोकळी होण्याची वाट बघू. बाप मोठा असता तर वाट बघण्यात अर्थ नव्हता. पिल्लं अडकली असती आणि ही कळा देऊन देऊन गेली असती. मग मोठ्या दवाखान्यात, भुलेचे खास डॉक्टर बोलावून, वेळेआधीच पोट उघडावं लागलं असतं. पण तशी वेळ नाही आली, चांगलं झालं."

बाईंनी हात जोडले. मास्तरांनी टोपली उचलली. दारापर्यंत सहा पावलं असतील. पहिल्या तीन पावलांत त्यांच्या मनात आलं, की कोण जाणे, पिल्लं चिमणीवर गेलेली असतील, लहानच असतील. माणूस आपली कातडी वाचवायला काय काय विचार करतो. चौथ्या पावलाला टोपलीत चिमणीने त्यांचं बोट चाटलं, कारण ती त्यांना ओळखत होती, त्यांनी शिवलेलं जाकीट तिच्या अंगात होतं.

"डॉक्टरीणबाई," मास्तर वळून म्हणाले. "बाप बुटका नाही. आमचा बॉबिन आहे."

"काहीतरीच काय," वहिनी म्हणाल्या. "त्याचं तर झालंय."

"झालेलं नाही." मास्तर टोपलीकडे बघत बोलत होते. "नंबर पुकारला आणि मी बाकावरून उठून आलो. पट्टा मी दुकानात शिवला."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "केवढा आहे तो?" मास्तरांनी हात गुडघ्याच्या वर धरून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी लगेच फोन उचलला आणि मोठ्या दवाखान्याशी बोलायला लागल्या.

पोस्टातल्या बाईंनी मास्तरांच्या हातातून टोपली घेतली. आवाज चढवला नाही. "मी तुमच्या शब्दावर फाटक उघडलं होतं, मास्तर," त्या म्हणाल्या. "मी इतके दिवस स्वतःला शिव्या घालतेय आणि तुम्ही ऐकताय." मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. जमीन असल्या कामाला कधी येत नाही. त्यांना चालत घरी यावं लागलं, आणि वहिनी त्यांच्या दहा पावलं पुढे चालत होत्या.

पंधरा दिवसांनी चिमणीचं पोट उघडलं. ती वाचली. दोनातलं एक पिल्लू वाचलं, त्याचा एक कान अर्धा दुमडलेला होता. ही बातमी बाईंनी भिंतीवरून वहिनींना दिली. मास्तर तिथेच नळावर हात धूत होते, पण बाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. मधल्या फाटकाला बाईंनी स्वतःच्या हाताने कुलूप लावलं होतं.

वहिनी त्या पंधरा दिवसांत कामापुरतंच बोलल्या. जेवायला वाढलंय. दोरा संपलाय. बातमी आली त्या संध्याकाळी म्हणाल्या, "उद्या बॉबिनला न्यायचं. मी येणार."

दवाखाना तोच, बाक तोच. नंबर मिळाला सहा. बॉबिन दोघांच्या मधे जमिनीवर बसला. पहिले दोन नंबर आत जाईपर्यंत दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग वहिनींनी पिशवीतून पोटपट्टा काढला. धुतलेला, इस्त्री केलेला, नाड्या नीट गुंडाळलेल्या. तो मांडीवर पसरून त्या त्याच्या शिलाईवरून बोट फिरवत राहिल्या.

"दहा दिवस हा मी धुतला," त्या म्हणाल्या. "एकदाही डाग नव्हता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझ्या वेळी दोन चादरी टाकून द्याव्या लागल्या होत्या."

बॉबिनने मान वर करून पट्टा हुंगला.

"एक विचारू? बीपीचं तरी खरं होतं ना?"

अजूनही हो म्हणता आलं असतं. बावीस वर्षांपूर्वीचं बीपी आता कोण तपासणार होतं? आणि वहिनींच्या आवाजात असं काही होतं, की त्यांनाही हो हेच उत्तर हवं होतं. मास्तरांची बोटं सवयीने सुई-दोरा शोधायला लागली. हातात बॉबिनची साखळी होती.

"नाही," ते म्हणाले. "डॉक्टर भेटलेच नाहीत. बाकावरूनच आलो."

वहिनींनी पट्ट्याची एक नाडी सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

"नंबर किती होता?"

"सतरा."

इतक्या वर्षांत मास्तरांनी तो आकडा तोंडातून काढला नव्हता. वहिनींनी मान हलवली. "माझा चार होता," त्या म्हणाल्या. "पहिली बाई आत गेली आणि तिचं ओरडणं बाहेर ऐकू आलं. तेव्हा मीही उठले होते. चप्पलसुद्धा घातली होती. मग मनात आलं, हे एकटे आले होते, घाबरले नाहीत, डॉक्टरांनी पाठवलं म्हणून परतले. मग मी कशी पळू? आणि परत बसले."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. वहिनी रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर काहीतरी करता आलं असतं.

कंपाउंडरने दारातून सहा नंबर पुकारला. मास्तर उठले. वहिनींनी पट्टा त्यांच्या हातात दिला आणि त्या बाकावरच बसून राहिल्या. बॉबिन शेपूट हलवत आधी आत गेला, आणि त्याच्या मागून मास्तर.